लंडनचा इसार

प्रभाकररावांनी शब्द दिला की ती काळ्या दगडावरची रेघ, हे तळेगावच्या बाजारात कुणालाही विचारलं तरी सांगितलं असतं. संत्र्याचा बगीचा उभ्या झाडावर विकताना त्यांनी कधी कागद केला नाही. व्यापारी बगीचात यायचा, झाडं बघायचा, एखाद्या पंचासमोर, म्हणजे साक्षीदारासमोर, इसाराचे पैसे हातावर ठेवायचा, की सौदा झाला. एका वर्षी एकवीस रुपये इसार घेतला आणि दुसऱ्याच दिवशी नागपूरचा व्यापारी दहा हजार जास्त द्यायला दारात उभा राहिला, तर यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. वच्छलाबाईंनी तेव्हा आठ दिवस नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं. पण बाजारात त्या भाजी घेऊन बसल्या की बायका ‘प्रभाकररावाच्या घरची ना’ म्हणत भाव न करता मेथीची जुडी उचलायच्या, आणि तेव्हा त्यांनाही बरं वाटायचं.

२००७ सालच्या मे महिन्यात त्यांच्या विहिरीनं हात टेकले. मोटर लावली की अर्धा तास पाणी यायचं, मग नुसती फसफस. एकशे चाळीस झाडांवर आंबिया बहार, म्हणजे दिवाळीच्या सुमाराची संत्री, लिंबाएवढा झाला होता आणि रोज सकाळी झाडाखाली गळलेल्या फळांचा सडा दिसत होता. वच्छलाबाईंनी वांग्याचा अर्धा तुकडा पाण्यावाचून सोडून दिला. “वांगं पुढच्या साली लावता येते. झाड नाई लावता येत,” एवढंच म्हणाल्या. शेजारच्या महादेवरावांच्या विहिरीत अजून पाणी होतं. तिथून बैलगाडीवर ड्रम भरून आणायचा आणि झाडाच्या आळ्यात बादलीनं ओतायचा. झाडाला चार बादल्या. पाणी उडून जाऊ नये म्हणून आळ्यात कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, पसरायचं. पहाटेपासून दुपारपर्यंत नवरा-बायको हेच करत होते. प्रभाकररावांची कंबर धरली होती आणि बादलीच्या कडीनं वच्छलाबाईंच्या तळहाताला घट्टे पडले होते.

त्यांचा मुलगा पियुष एक दिवस आर्वीला गेला होता. बी.ए. होऊन दोन वर्षं झाली होती, कम्प्युटरचा कोर्सही झाला होता. दर आठवड्याला तो एसटीनं आर्वीला जायचा, स्टँडजवळच्या नेट कॅफेत बसून नोकरीच्या अर्जांना उत्तर आलं का बघायचा आणि न आलेलं उत्तर घेऊन घरी यायचा. त्या दिवशी मात्र तो भर उन्हात सरळ बगीचात आला. हातात घडी केलेला कागद होता.

“बाबा, लॉटरी लागली,” तो म्हणाला.

“कोनाले?”

“मले. म्हणजे माझ्या ई-मेलले.”

प्रभाकररावांनी बादली खाली ठेवली. वच्छलाबाईंनी ठेवली नाही. “तू तिकीट कधी काढलं?” त्यांनी विचारलं.

“तिकीट नाई लागत, आई. जगातले सगळे ई-मेल पत्ते एका जागी टाकतेत अन् कम्प्युटर त्यातून नंबर काढते. लंडनची कंपनी आहे.”

“अन् साऱ्या जगातून आपला पोट्टाच निघाला. शाळेत कधी पहिल्या दहात निघाला नाई.”

पियुष हसला नाही. त्यानं कागद उलगडला आणि इंग्रजी वाचून मराठीत सांगू लागला. पाच लाख पाउंड. एक पाउंड म्हणजे ऐंशी रुपये. म्हणजे चार कोटी. प्रभाकरराव आळ्याच्या काठावर, ओल्या मातीतच बसले. चार कोटी म्हणजे किती, हे त्यांच्या डोक्यात मावेना. शेवटी त्यांनी एवढंच ठरवलं की त्यात विहीर खोल होऊन वर बरंच काही उरतं.

कागदात पुढंही होतं. नाव, पत्ता, बापाचं नाव, बँकेचा खातेनंबर आणि फोटो पाठवायचा. कस्टम आणि स्टँपचे अठ्ठावीस हजार पाचशे आधी भरायचे. सात दिवसांच्या आत. आणि पैसे हातात पडेपर्यंत कुणाला सांगायचं नाही.

“काऊन नाई सांगाचं?” वच्छलाबाई.

“दुसरा कोनी आपला नंबर दाखवून पैसे उचलन म्हनून.”

“बरोबर आहे,” प्रभाकरराव म्हणाले. “अन् हे अठ्ठावीस हजार म्हणजे इसार आहे. एवढा मोठा सौदा. समोरचा मानूस खरा आहे का नाई, हे त्याले बी पाहा लागते ना. आपन इसार देल्ला का तो बांधला गेला. मंग त्याले मुकरता येत नाई.”

चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात. ज्यानं जन्मात शब्द फिरवला नाही त्याला त्या कशा ठाऊक असाव्यात? इसार देणारा बुडत नाही, हे प्रभाकररावांनी चाळीस वर्षं स्वतःच्या वागण्यानं खरं करून दाखवलं होतं आणि त्यांना वाटत होतं की लंडनलाही असंच चालत असेल. वच्छलाबाईंनी हातातली बादली आळ्यात ओतली आणि पुढच्या झाडाकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी पियुषच्या मोबाईलवर फोन आला. दिल्लीहून खन्ना नावाचा माणूस बोलत होता, कंपनीचा भारतातला एजंट. पियुषशी बोलून झाल्यावर त्यानं वडिलांना फोन द्यायला सांगितलं. “पिताजी, नमस्ते. आपने बेटे को अच्छे संस्कार दिए हैं,” तो म्हणाला. प्रभाकररावांना आजवर कुणी पिताजी म्हटलं नव्हतं. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ मोबाईल हातात धरून उभे होते, आणि मग अंगावर धुतलेला सदरा चढवून तळेगावला निघाले.

हिरालाल हा तळेगावातला किराणा दुकानदार, आणि हंगामात संत्र्याचा व्यापारी. त्यानं प्रभाकररावांना बारदानावर बसवलं आणि तीन गिऱ्हाइकांची साखर, डाळ, तेल होईपर्यंत बसवूनच ठेवलं. एरवी तो दारापर्यंत उठून यायचा. आज घेणारा कोण आणि देणारा कोण, हे त्यानं चेहऱ्यावरून ओळखलं असावं.

“बगीचा द्याचा आहे,” प्रभाकरराव शेवटी म्हणाले.

“आत्ता? मे महिन्यात?”

“हो.”

हिरालाल हा असा माणूस की तुमच्या म्हशीला काय झालं इथपासून पोरीचं कुठं जमलं इथपर्यंत सगळं विचारायचा. त्या दिवशी त्यानं पुढं काहीच विचारलं नाही. प्रभाकररावांना उलट हायसं वाटलं, कारण खरं सांगता येत नव्हतं आणि खोटं बोलायची सवय नव्हती.

“चाळीस हजार देईन,” हिरालाल म्हणाला. “पानी, राखन सारं तुमचंच.”

दिवाळीच्या तोंडावर त्याच फळाचा लाखाच्या वर भाव झाला असता. प्रभाकररावांनी मान खाली घातली. “इसार तीस द्या. बाकी तोडनीले.”

“शुक्रवारी येतो बगीचात. शब्द?”

“शब्द.”

घरी येऊन त्यांनी वच्छलाबाईंना सांगितलं तेव्हा त्या कुटाराची टोपली डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. टोपली त्यांनी खाली उतरवली नाही, तशाच उभ्या राहून ऐकलं.

“चाळीसात?” त्या म्हणाल्या. “हे पानी मी चाळीसासाठी वाहून राह्यली का?”

“चार कोटी येऊन राह्यले, वच्छले. चाळीस काय घेऊन बसली.”

“आले का?”

“येतीन.”

“मंग आल्यावर इका बगीचा. खुशाल फुकट वाटा.”

“शब्द देल्ला मी.”

“मले इचारून देल्ला? पानी टाकाले मी अन् शब्द द्याले तुम्ही.”

वच्छलाबाईंना इतका संताप आला होता की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून आणखी संताप आला. त्यांनी टोपली झाडाखाली उपडी केली आणि कुटार दोन्ही हातांनी पसरत राहिल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, बँकेची फारशी माहिती नव्हती. पण तीस वर्षं बाजारात बसून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. जो माणूस घाई करतो आणि कानात बोलतो, त्याच्या टोपलीत खालचा माल सडका असतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पियुषला हाताखाली घेतलं. तो ड्रममधून बादल्या भरून देत होता आणि त्या ओतत होत्या. पाचव्या झाडाशी त्यांनी सुरुवात केली.

“पियुष, ते पैसे आता कोनाजवळ आहेत?”

“कंपनीजवळ.”

“पन आपले आहेत म्हनते ना?”

“हो.”

“आपन आर्वीच्या मार्केटात भाजी नेतो. दलाल काय करते?”

“इकून देते.”

“अन् त्याचं कमिशन, अडत, कशी घेते?”

“इक्रीच्या पट्टीतून कापून घेते.”

“मंग लंडनवाल्यानं आपल्या चार कोटीतून अठ्ठावीस हजार काऊन नाई कापून घेतले? ‘अडत आधी आनून दे, मंग तुही पट्टी देतो’ असं म्हननारा दलाल तू कधी पाह्यला का?”

पियुषनं बादली भरली, पण उचलली नाही. “तिकडचे नियम वेगळे आहेत, आई.”

“असतीन. पैसे भराचे तो खाता कोनाच्या नावाचा आहे?”

त्यानं खिशातला कागद काढून पाहिला. “रमेश कुमार.”

“कंपनीचं नाव रमेश कुमार आहे?”

“नाई. तो त्याईचा मानूस असन.”

“असन,” वच्छलाबाई म्हणाल्या. “अन् कंपनी तुह्या बापाचं नाव अन् खात्याचा नंबर मांगते. पैसे द्याले बापाचं नाव कायले लागते?”

पियुषनं कागदाची घडी केली. मग, बापाला कधी सांगितलं नव्हतं ते तो आईला बोलला. “आई, दोन वर्षांत एकशे सहा अर्ज केले मी. एकाचं बी उत्तर नाई. ह्या कागदावर सुरुवातीलेच लिहिलं आहे, अभिनंदन. माझं नाव लिहून.”

वच्छलाबाईंनी ओला हात लुगड्याला पुसला आणि त्याच्या पाठीवर ठेवला. “तू चुकला नाई,” त्या म्हणाल्या. “ज्यानं हे लिहिलं, त्याले मालूम आहे कोन वाट पाहून राह्यलं ते. म्हनून त मले त्याचा राग आहे.”

शुक्रवारी सकाळी हिरालाल मोटरसायकलवर आला. पंच म्हणून महादेवराव आले. हिरालालनं ओळीतून एक चक्कर मारली, चार झाडांखालची गळ पायानं बाजूला सारून बघितली आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुलिंबाखाली येऊन खिशातून रुमालात गुंडाळलेल्या नोटा काढल्या. प्रभाकररावांनी टोपी नीट केली आणि हात पुढं केला.

“थांबा,” वच्छलाबाई म्हणाल्या. त्या पाणी टाकतच आल्या होत्या. लुगड्याचे काठ चिखलात भिजले होते, हातात बादली होती. “आधी एक फोन कराचा आहे. पियुष, लाव त्या खन्नाले. अन् साऱ्याईले ऐकू येईन असा लाव.”

“वच्छले, कोनाले सांगाचं नाई म्हनलं होतं,” प्रभाकरराव हळूच म्हणाले.

“आपन चोरी केली का? लाव रे.”

महादेवराव आणि हिरालाल एकमेकांकडे बघू लागले. पियुषनं बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि नंबर लावला. पलीकडून लगेच आवाज आला. वच्छलाबाईंनी मोबाईल तोंडासमोर धरला. नागपूरच्या व्यापाऱ्यांशी भाव करून करून कमावलेली त्यांची हिंदी होती.

“मैं पियुष की माँ बोल रही. पैसे तयार हैं.”

“बहुत बढ़िया, माताजी. दो बजे तक खाते में डाल दीजिए.”

“डालते ना. पर एक बात बोलो. हमारे चार करोड़ तुम्हारे पास रखे हैं ना?”

“जी, बिल्कुल रखे हैं.”

“तो उसमें से अट्ठाईस हजार काट लो. पचास काट लो, हम कुछ नहीं बोलते. बाकी भेज दो.”

“माताजी, ऐसा नियम नहीं है.”

“तो एक लाख काट लो.”

महादेवरावांनी तोंडाला दुपट्टा लावला.

“आप समझ नहीं रही हैं. फीस पहले जमा होती है.”

“दो लाख काट लो रे बाबा. चार करोड़ में से दो लाख गए तो हमारा क्या बिगड़ता? अट्ठाईस हजार के पीछे काहे को दौड़ रहा तू, दो लाख छोड़ के?”

“किसी पढ़े-लिखे आदमी को फोन दीजिए.”

“पढ़ा-लिखा इधरइच खड़ा है. वो सुन रहा.”

मग त्या माणसानं एक शिवी दिली. अशी की बाजारातल्या भांडणातही बाईमाणसासमोर कुणी देत नाही. फोन बंद झाला. प्रभाकररावांनी बायकोच्या हातातून मोबाईल घेतला आणि पियुषकडे दिला. “पुन्हा लाव,” ते म्हणाले. पियुषनं लावला. फोन बंद होता. त्यानं दोनदा, तीनदा लावला, आणि दर वेळी प्रभाकररावांचा चेहरा आणखी उतरत गेला. पिताजी म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडची शिवी त्यांच्या कानात राहिली होती.

हिरालालनं घसा खाकरला. “तो तुमचा घरचा मामला. आपला सौदा वेगळा. शब्द झाला आहे,” असं म्हणत त्यानं नोटा पुढं केल्या.

“हिरालालभाऊ,” वच्छलाबाई म्हणाल्या, “मे महिन्यात मानूस कच्चा बगीचा काऊन इकते, हे तुम्ही ह्याईले इचारलं नाई?”

“मी कायले इचारू?”

“यंदा असे किती घेतले?” हे महादेवरावांनी विचारलं. ते आतापर्यंत हसत होते, आता हसत नव्हते.

हिरालालनं नोटांकडे पाहिलं. “हा तिसरा.”

“बाकीच्या दोघाईच्या पोट्ट्याईले बी असाच कागद आलता?”

“मी दुकानदार मानूस. कोन पैसे कायले नेते हे इचारत बसलो, त दुकान चालन का माझं?”

म्हणजे त्याला ठाऊक होतं. हे सगळ्यांना एकदमच कळलं, आणि हिरालालला ते कळलेलंही कळलं. पण त्याचा हात मागं गेला नाही. शब्दाचा पक्का माणूस समोर होता आणि हिरालालनं त्याला त्या शब्दात धरून ठेवलं होतं. वच्छलाबाई नवऱ्याकडे बघत होत्या. त्यांना जे करायचं होतं ते करून झालं होतं. इथून पुढचं त्यांच्या हातात नव्हतं, आणि ते त्यांना सहन होत नव्हतं.

प्रभाकररावांनी पुढं केलेला हात खाली घेतला. मागं बांधला.

“नाई देत,” ते म्हणाले.

“शब्दाचं काय?”

“मोडला.” ते महादेवरावांकडे वळले. “महादेवराव, तुम्ही पंच आहा. तुमच्यासमोर सांगतो, मी शब्द मोडला. गावात सांगजा. त्या शब्दानं माझा बहार जाऊन राह्यला होता, अन् तुमाले मालूम होतं, हिरालालभाऊ, म्हनून मोडला. हे बी सांगजा.”

हिरालालनं नोटा पुन्हा रुमालात गुंडाळल्या, मोटरसायकलला तीन लाथा मारल्या तेव्हा ती सुरू झाली. तो गेल्यावर वच्छलाबाईंनी बादली उचलली. पियुषनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

बहार वाचला. पण गावाच्या तोंडाला कोण झाकण लावणार? दोन दिवसांत पाण्याच्या टाकीपासून पानठेल्यापर्यंत प्रभाकररावांचं नाव ‘लंडनवाले’ पडलं. कुणी विचारायचं, विमान कुठं उतरते तुमचं, वावरात का धुऱ्यावर? पियुषनं तोंडावर उत्तरं द्यायला सुरुवात केली, पण प्रभाकररावांनी गावात जाणंच सोडलं. ते बगीचात राहू लागले, जेवणही तिथंच. दाढी वाढली. ते दिवसभर पाणी टाकायचे आणि कुणी रस्त्यानं जाताना दिसलं की झाडाआड व्हायचे. चाळीस वर्षं मान वर करून चाललेला माणूस झाडाआड होताना बघून वच्छलाबाईंचा जीव कासावीस व्हायचा.

बाजाराच्या दिवशी त्या उरलेली वांगी आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन तळेगावला गेल्या. बसल्या न बसल्या तोच समोरच्या मिरचीवाल्यानं हाक दिली.

“कावो, वांगे पाउंडात देता का आता?”

“देतो ना,” वच्छलाबाई म्हणाल्या. “पह्यले अठ्ठावीस हजार ठेव, मंग वांगं दाखोतो.”

आजूबाजूची माणसं हसली, तसं त्यांनी टोपली बाजूला सारली आणि जो येईल त्याला सगळी गोष्ट सांगायला लागल्या. काही लपवलं नाही. नवरा बगीचा विकायला निघाला होता तेही सांगितलं, खन्नानं शिवी दिली तेही सांगितलं. “त्या कागदातच लिहिलं होतं, कोनाले सांगू नका म्हनून,” त्या म्हणायच्या. “म्हनून मी साऱ्याईले सांगतो.” तिसऱ्यांदा सांगत असताना त्यांच्याच गावची शालूबाई, जी शेजारी कांदे घेऊन बसली होती, तिनं तागडी खाली ठेवली.

“वच्छलाबाई,” ती म्हणाली, “आमच्या पोट्ट्याले, आदेशले बी कागद आला. पाच लाख पाउंडच आहेत. ह्याईनं काल दोन्ही बकऱ्या अन् माझी सोन्याची पोत इकली. आज दोनच्या गाडीनं आर्वीच्या बँकेत जाऊन राह्यले.”

“मंग जा ना, सांग त्याले.”

“काल रात्री तुमचं नाव सांगून भांडली मी. ते म्हनते, बाईच्या जातीले काय समजते.”

वच्छलाबाईंनी टोपली तिच्या हवाली केली आणि पायी निघाल्या. तीन किलोमीटर, डोक्यावर पदर, पायाखाली तापलेलं डांबर. बगीचात पोचल्या तेव्हा प्रभाकरराव आळं नीट करत होते.

“उठा. शालूच्या नवऱ्याकडे, भैय्याजीच्या घरी जा,” असं म्हणून त्यांनी धापा टाकत सगळं सांगितलं.

“मी कोनत्या तोंडानं जाऊ?”

“ह्याच तोंडानं. माझं तो ऐकत नाई.”

“अन् शब्द मोडलेल्या मानसाचं ऐकन?”

“ज्यानं कधी मोडला नाई, त्याले काऊन मोडा लागला, हे ऐकाले मानूस थांबते. जा, पाऊन वाजला.”

प्रभाकररावांनी फावडं ठेवलं. टोपी झाडाला लटकवली होती, ती डोक्यावर घातली. वाढलेली दाढी, गुडघ्यापर्यंत चिखल, अशा अवतारात ते आठ दिवसांनी गावात शिरले. पानठेल्यावरच्या कुणीतरी ‘आलं विमान’ म्हटलं. ते थांबले नाहीत.

भैय्याजी ओसरीत आरशासमोर केस विंचरत होता. खुंटीला पिशवी लटकलेली होती. प्रभाकररावांना बघून त्यानं कंगवा खिशात टाकला.

“मले मालूम आहे तुम्ही कायले आले ते,” तो म्हणाला. “तुमच्या नशिबात नसन, काकाजी. माझ्या असन.”

“कागद एकच आहे, भैय्याजी. पाउंड बी तेवढेच. खाता रमेश कुमारचा आहे का नाई?”

भैय्याजी थबकला. पण मग त्यानं पिशवी खांद्यावर घेतली. “अर्धी रक्कम परवाच भरली मी. आता बाकीची नाई भरली त ती बी जाते, फोनवाला म्हनते.”

“ती गेलीच. गेलेल्या पैशामागं दुसरे नोको धाडू.”

“सरका, काकाजी. गाडी चुकन.”

प्रभाकरराव सरकले नाहीत. ते दारातच, उंबरठ्यावर खाली बसले. कंबर दुखत होती, म्हणून एक हात चौकटीला धरून हळूहळू बसले आणि दोन्ही पाय पसरले. अंगणाबाहेर चार पोरं, दोन बायका आणि पानठेल्यावरचे तिघं गोळा झाले होते. कुणीतरी खिदळलं.

“काय करून राह्यले तुम्ही? लोकं हासून राह्यले,” भैय्याजी खालच्या आवाजात म्हणाला.

“हासू दे. आठ दिवसांपासून हासून राह्यले, मी मेलो नाई.” प्रभाकररावांनी मान वर करून अंगणातल्या माणसांकडे पाहिलं. “मी येडा बनलो होतो. बगीचा इकाले निघालो होतो. आयका सारे. कोनाच्या घरी असा कागद आला असन त माझ्याकडे या, मी सांगतो कसं फसाचं राह्यते.”

भैय्याजी त्यांना ओलांडून जाऊ शकला असता. त्यानं एक पाय उचललाही. पण वयानं मोठ्या, हातापायाला चिखल लागलेल्या माणसाला ओलांडणं त्याच्यानं होईना. लांब रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला, गाडी थांबली, आणि पुन्हा सुरू होऊन आर्वीकडे निघून गेली.

“तीन वाजता अजून एक गाडी आहे,” भैय्याजी म्हणाला.

“मंग मी तीनपर्यंत बसतो,” प्रभाकरराव म्हणाले. “पानी आन.”